तुरीनं गोदाम भरून ठेवावं की लागेल तेवढीच घ्यावी?

दिग्रसचा मिलवाला
गावात आमची लहान डाळ मिल आहे, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी डाळ मिल घेऊन सुरू केलेली. ऑगस्ट २०२४ मध्ये तूर क्विंटलला ११ हजारांवर होती. दिवाळीला १२ होणार असं जो तो सांगत होता. मीही बँकेची सीसी (कॅश क्रेडिट कर्ज) उचलून २०० क्विंटल भरली. ११० भरडून विकली, ९० पडून राहिली. नवा माल आला आणि भाव साडेसात हजारांवर. एकट्या भावात ३ लाख १५ हजार गेले. व्याज वेगळं, १२ टक्क्यांनी क्विंटलमागे महिन्याला ११० रुपये.

आता ठरवलंय, दोन आठवडे पुरेल एवढीच तूर ठेवायची. साठा हा सट्टा आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी हिशेबासकट बोला.

कारंजा रोड
काऊन बाप्पा, भरली ऑगस्टात अन् दोष साठ्याले देता? तूर जानेवारी-फेब्रुवारीत घ्या लागते, आवक असते तवा. ऑगस्टात मिळते ते घरोघरचा उरलासुरला, भुंगा लागलेला माल. अन् पावसाळ्यात मिल चालते कुठं? तेल लावलेली तूर वाळवाले ऊन पायजे. दोन आठवड्यांची तूर ठेवसान तर झडीत मजूर बसून, मशीन बसून, अन् वीजबिलाचा स्थिर आकार मात्र चालूच.

दिग्रसचा मिलवाला
फेब्रुवारीत घेतली तरी भाव आपल्या हातात कुठे असतो? २०२४-२५ मध्ये तुरीची आयात शुल्काशिवाय होती. म्यानमार, मोझांबिकची जहाजं लागली की अकोल्याचा बाजार नरमतो. जून २०२४ मध्ये केंद्रानं साठा मर्यादा लावली तेव्हा मोठे मिलवालेही घाबरले होते. आपण कोण?

यवतमाळचा हिशेबनीस
तुम्ही दोघंही तुरीवरच भांडताय. मी तीन लहान मिलांच्या वह्या लिहितो. पैसा गळतो तो डाळ मिलबाहेर पडल्यावर.

नागपूरच्या दुकानदाराचा फोन आला, ८ क्विंटल पाठवा. पिकअपचं भाडं ७ हजार, म्हणजे किलोला पावणेनऊ रुपये. तीच गाडी १६ क्विंटल भरून गेली तर साडेचारच्या आत. किलोमागे चार रुपये सुटतात आणि त्यासाठी ना कर्ज लागतं ना गोदाम. गाडीचा वार बांधा, मंगळवार म्हणजे मंगळवार. शेजारच्या मिलचे कट्टे सोबत घ्या. येताना गाडी रिकामी आणू नका, किराणावाल्याचा माल आणा.

दुसरी गळती उधारीची. एका मिलची ४५ दिवसांची उधारी तिच्या गोदामातल्या तुरीपेक्षा जास्त निघाली. तुरीवर निदान ताडपत्री टाकता येते. मालकाला हे दाखवलं तर म्हणाला, गिऱ्हाईक जुनं आहे!

कारंजा रोड
हिशेबनीस भाऊ, वहीत मंगळवार लिहिणं सोपं हाय. दुकानदाराची डाळ शुक्रवारी संपली तर तो चार दिवस थांबन का? दुसऱ्याची घेईन, मंग आपल्याले विचारणार पण नाई. अन् शेजारच्या मिलवाल्याले आपलं गिऱ्हाईक दाखवाचं? उद्या तोच दोन रुपये कमी लावते.

यवतमाळचा हिशेबनीस
हा मुद्दा मान्य. मग त्या दुकानात आठवडाभराचे जादा कट्टे आधीच ठेवा. पण उधारीवर नाही.

दारव्ह्याची शेतकरी
तुमच्या भांडणात आमचा विचार कोणी केला नाही, म्हणून लिहिते. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. बाजार समितीच्या गोदामात तूर ठेवली की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याज, १८० दिवस. ही सोय फक्त शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला नाही. फेब्रुवारीत ठेवलेली तूर ऑगस्टपर्यंत आमच्या नावावर राहू शकते. मिलवाल्यानं १२ टक्क्यांचं कर्ज काढून ती विकत का घ्यावी? आमच्याशी आधी बोलून ठेवा, लागेल तशी उचला, त्या दिवसाचा भाव द्या.

कारंजा रोड
ताई, आमच्या बाजार समितीच्या गोदामात जागाच नसते. विचारलं तर म्हणते पुढच्या हंगामात या. अन् भाव पडला तर तोटा तुमचा, मिलवाला सुटला!

दारव्ह्याची शेतकरी
तोटा आजही आमचाच होतो, दादा. फेब्रुवारीत पडेल भावात विकतो तेव्हा तो कोणी मोजत नाही. तुमच्या दारात आणून विकली तर हमाली आणि काट्याचे पैसेही आम्हीच भरतो.

दिग्रसचा मिलवाला
ताईंचं म्हणणं डोक्यात बसलं. पण झडीत वाळवण होत नाही हेही खरं, म्हणून दोन आठवड्यांचा हट्ट पावसाळ्यापुरता सोडतो, जून ते ऑगस्ट पुरेल एवढी तूर मेमध्येच घेऊन, तेल लावून वाळवून ठेवेन. त्याहून एक कट्टा जास्त नाही. कारंजा रोडवाल्यांना हे अर्धवट वाटेल, वाटो.

गाडीचा वार मात्र बांधतोय. दिग्रस, आर्णी, दारव्हा भागातून मंगळवारी नागपूरला कोणाचे पाच-सहा क्विंटल जाणार असतील तर लिहा. भाडं वजनावर वाटून, रोख.

कारंजा रोड
रोख? मंग तर तुमचीच गाडी रिकामी जाते. चार क्विंटल लिहा माझे, पण कट्ट्यावर माझं नाव दिसलं नाई पायजे.