डिलीट केलं म्हणजे ब्लॉक सुटला असं नाही

फाइल डिलीट केली की ब्लॉक (डिस्कवरचा जागेचा तुकडा) मोकळा झालाच, मग ट्रिम, म्हणजे कुठले ब्लॉक रिकामे ते डिस्कला कळवणं, कशाला, असं कुणीतरी विचारलंय. मोकळा झाल्याचं फक्त फाइलसिस्टमला (कुठली फाइल कुठे आहे याची नोंद ठेवणाऱ्या भागाला) कळतं हो. एसएसडीला, म्हणजे चिपवाल्या डिस्कला, कोण सांगणार? ती बिचारी कचराही जपून इकडून तिकडे हलवत बसते.

उबुंटू लिनक्सचा एफएसट्रिम टायमर आठवड्यातून एकदा आपोआप ट्रिम करतो, तो मला पुरतो. पण इथे इंदूरला, सियागंजात मावसभावाच्या दुकानातल्या लॅपटॉपवर टायमर चालू असूनही काहीच ट्रिम होत नव्हतं. डिस्क लक्सने (लिनक्सच्या डिस्क-एन्क्रिप्शनने) एन्क्रिप्ट केलेली, आणि मुद्दाम सांगितल्याशिवाय तो एन्क्रिप्शनचा थर डिस्कार्ड, म्हणजे ट्रिमचा निरोप, खाली डिस्कपर्यंत जाऊच देत नाही. क्रिप्टटॅबमध्ये (एन्क्रिप्टेड डिस्कच्या सेटिंगच्या फाइलीत) 'डिस्कार्ड' लिहिलं, इनिटरामएफएस (बूट होताना आधी लोड होणारी छोटी सिस्टम) नव्याने बनवलं, रीबूट केलं. पहिल्याच फेरीत १८० जीबी ट्रिम! (रिकामे ब्लॉक कुठले, हे मात्र मग डिस्क हाती पडलेल्याला दिसू शकतं. दुकानाच्या हिशोबाला चालतंय.)