नवी पेठेत पंचवीस मजली टॉवर? पाण्याचं आधी बोला

साखरपेठकर:
काल इथं एकानं लिहिलं, सोलापूरच्या नवी पेठेतली जुनी दुकानं पाडा आणि पंचवीस मजली टॉवर उभारा. खाली दुकानं, मधे ऑफिसं, वर फ्लॅट. दाखला शिकागोच्या जॉन हॅनकॉक सेंटरचा. शेवटी म्हणे, सोलापूरकरांच्या डोक्यात असलं काही येतच नाही. ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. साखर पेठेत आमच्या घरी तळमजल्यावर चार माग, माडीवर आम्ही नऊ माणसं आणि रस्त्याच्या अंगाला आजोबांचं चादरीचं दुकान. माग थांबला की आईला झोपेतसुद्धा जाग यायची. काम, धंदा, घर एकाच छपराखाली, हे आमच्या शहराला शिकवायची गरज नाही. गिऱ्हाईक दारात सायकल टेकवून आत यायचं. नवी पेठ पाडली तर दहा बाय वीसच्या गाळ्यातला माणूस बांधकाम होईपर्यंत कुठं बसणार? आणि नवा गाळा त्याला झेपणार आहे का?

होटगीरोड:
लिहिणारा मीच. ते शेवटचं वाक्य मागे घेतो, बाकी नाही. हॅनकॉक १९६९ साली पूर्ण झालं, शंभर मजले. त्याची रचना मूळच्या ढाक्याच्या फझलूर खान या अभियंत्याची. बाहेरून दिसणाऱ्या तिरक्या पोलादी पट्ट्या वाऱ्याचा जोर घेतात, म्हणून एवढ्या उंचीला पोलाद कमी लागलं. ४४व्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी पोहण्याचा तलाव. अशा इमारतीत दिवसा ऑफिसवाल्यांच्या गाड्या आणि रात्री राहणाऱ्यांच्या, वाहनतळ तोच. नवी पेठेत गाडी लावायला मी तीन चकरा मारतो. आणि मागाच्या घराचं कौतुक मला सांगू नका. आमच्याही घरात माग होते. सुताचा कोंडा छातीत जाऊन जाऊन वडिलांना दमा जडला. वर स्वच्छ हवेत राहिले असते तर आणखी जगले असते.

विडीघरकुल:
तलावाचं वाचून हातातलं विड्यांचं सूप खाली ठेवलं. आमच्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. मी घरी विड्या वळते, मजुरी हजारावर. पाण्याच्या दिवशी हजार काही पुऱ्या होत नाहीत. हंडे भरू की पानं कापू? उजनी धरण भरलेलं असतं तेव्हाही आमचा वार बदलत नाही. तुमच्या पंचवीस मजल्यांना पाणी कुठून देणार दादा, ते आधी सांगा.

होटगीरोड:
ताई, टॉवरला खाली मोठा हौद असतो. पंपानं पाणी वर जातं. सांडपाणी शुद्ध करून संडासाला वापरतात.

सातरस्ता:
हौद भरतो तो त्याच लाइनवरून ना? आमच्या शेजारच्या अपार्टमेंटनं मोटार लावली तेव्हापासून आमचा नळ नुसता हवा सोडतोय. तीन वेळा तक्रार केली, कोण फिरकलं नाही. सासूबाई एक्क्याऐंशी वर्षांच्या, पहाटे तीनला नळापाशी बसतात.

होटगीरोड:
सगळेच मोटार लावतात. तुम्ही नाही लावत?

सातरस्ता:
नाही लावत! तोंड सांभाळून बोला. मागच्या उन्हाळ्यात पैसे देऊन टँकर मागवला, पण मोटार नाही लावली.

होटगीरोड:
चुकलं. माफ करा वहिनी.

तुळजापूरनाका:
पाण्याइतकाच उंचीचा प्रश्न आहे. विमानांसाठी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ला पाडली. मी गच्चीवर उभा होतो, काही क्षणांत धुरळा. लहानपणापासून तीच बघून घर किती लांब राहिलं ते कळायचं. ज्या गावात चिमणी चालली नाही, तिथं टॉवरची परवानगी आधी विमानतळवाल्यांकडून आणा आणि मग नकाशे काढा.

विडीघरकुल:
चिमणीवर सगळे बोलतात. पाण्यावर बोला म्हटलं की विषय हलतो.

साखरपेठकर:
दम्याचं खरं आहे. माझे आजोबाही खोकून खोकून गेले. ते मी वर लिहिलं नाही, लिहायला हवं होतं. राहत्या घरात माग नकोच, हे मानतो. पण गाळ्याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.

होटगीरोड:
तेवढाच गाळा, त्याच जागी, तळमजल्यावरच, करारात लिहून. बांधकाम चालू असताना जवळच तात्पुरती दुकानं, तीही बिल्डरच्या खर्चानं. एवढं मान्य. मजले मात्र सोडत नाही.

विडीघरकुल:
आणि पाणी?