पुरात खासगी मिलिटरी ट्रक : मदत की लुडबुड?

बायूकाठ (ह्यूस्टन)
हार्वे वादळ २५ ऑगस्ट २०१७ ला टेक्सासच्या किनाऱ्यावर धडकलं आणि नंतर ह्यूस्टन परिसरात ठाण मांडून बसलं. नेदरलंड गावात ६०.५८ इंच पाऊस मोजला गेला. यंत्रणा पुरी पडेना, तेव्हा ह्यूस्टन ज्यात येतं त्या हॅरिस काउंटीचे प्रमुख एड एमेट यांनीच लोकांना साद घातली: बोटी, उंच गाड्या असतील तर घेऊन या. लुइझियानातून केजन नेव्ही या स्वयंसेवकांच्या गटाच्या बोटी आल्या. त्यांच्याबरोबर उतरले लिलावात घेतलेल्या जुन्या लष्करी ट्रकांचे हौशी मालक. कुणाचा अडीच टनी एम-३५, कुणाचा त्यानंतरचा एलएमटीव्ही. एरवी 'दारात भंगार उभं करतो' म्हणून शेजारी ज्यांच्या नावाने बोटं मोडतात, तेच हे लोक.

माझं मत: वादळांचा हंगाम जूनमध्ये सुरू होतो, त्याआधी यांची नोंदणी करा आणि सरळ कामाला लावा. पाणी उथळ असेल, खाली दुभाजक आणि बुडालेल्या गाड्या असतील, तिथे बोट अडकते. ट्रक म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळ्यांना घेऊन येतो.

मेयरलँडकर
ट्रकमधले कोरडे राहतात हो, घरातल्यांचं काय? आमच्याकडे पाणी उंबऱ्याच्या दोन बोटं खाली थांबलं होतं. असाच एक वीर भरधाव गेला आणि त्याची लाट थेट दिवाणखान्यात. मी हात हलवून ओरडलो, तर त्याला वाटलं शाबासकी देतोय. हॉर्न वाजवून गेला.

बायूकाठ
हा चालकाचा दोष. माणसाच्या चालीने हाकला तर लाट उठत नाही.

जुना_मेकॅनिक
एम-३५ बद्दल थोडं. आहे तसा तो ३० इंच पाण्यातून जातो. सहा फुटांच्या गप्पा ऐकता ना, ते खोल पाण्याचं किट बसवलं तर. लिलावातल्या गाडीला ते असेलच असं नाही. एम-३५ए२ ला ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकच, कुठे गळती झाली की सगळ्या चाकांचे ब्रेक गेले. त्यात ब्रेकच्या ड्रममध्ये पाणी. मालक मंडळी डिझेल-केरोसीन काहीही पिणाऱ्या इंजिनचं कौतुक करतात. ब्रेकचं विचारा, विषय बदलतील.

कृष्णाकाठ
ब्रेकचं सोडा हो, ओढीचं बोला! २ जून २०१६, टेक्सासमध्येच, फोर्ट हूडचा लष्करी तळ. आउल क्रीक या ओढ्याच्या पुरात एलएमटीव्ही उलटला, ९ जण गेले. आत हौशी नव्हते, लष्करातलीच माणसं होती. आमच्या सांगली जिल्ह्यात २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळची बोट उलटली. गावचीच बोट, गावचीच माणसं, क्षमतेपेक्षा जास्त भरलेली. हेतू कुणाचाच वाईट नव्हता.

बायूकाठ
ब्रह्मनाळला माणसं एका बोटीत दाटीवाटीने का बसली? दुसरी कधी येईल याचा भरवसा नव्हता म्हणून. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. वाहत्या पाण्यात ट्रक घालू नये, हे मात्र मान्य. साचलेल्या पाण्यापुरतंच बोलतोय मी.

मेयरलँडकर
साचलेलं कुठलं आणि वाहतं कुठलं, हे बाहेरगावच्या ट्रकवाल्याला कोण सांगणार? ॲडिक्स आणि बार्कर या धरणांतून २८ ऑगस्टला पाणी सोडायला लागले, मग बफेलो बायू या संथ नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी चढलं. लोक फोनवरच्या झेलो या वॉकीटॉकीसारख्या ॲपवर पत्ते ऐकून निघत होते. एकाच घरी तिघे पोचायचे, पलीकडच्या गल्लीत कुणीच नाही.

बायूकाठ
अहो, नोंदणी मागतोय ती यासाठीच! यादी असेल तर नियंत्रण कक्षातून कुणाला तरी पाठवता तरी येईल.

कृष्णाकाठ
आणि यादीतला ट्रक बुडाला तर भरपाई कोण देणार? पाठवणारा की मालक? हे आधी कागदावर येऊ दे, मग यादी करा.

जुना_मेकॅनिक
मधला मार्ग सांगतो. पाण्यातून काठापर्यंत बोटींनी आणायचं, काठापासून निवाऱ्यापर्यंत ट्रकांनी न्यायचं.

बायूकाठ
तेवढ्यासाठी शाळेची बस पुरे की! ट्रक कशाला?