जॉर्ज वॉशिंग्टन पाणबुडी: 25 वर्षं खरंच वाया गेली?

दर्यासारंग: जॉर्ज वॉशिंग्टन या अमेरिकी अणुपाणबुडीवर कुणीतरी लिहिलंय, "कापून जोडलेली पाणबुडी, शत्रूवर एकही क्षेपणास्त्र डागलं नाही, 25 वर्षं पैसा पाण्यात." कालची ही पोस्ट वाचून राहवलं नाही. कापली हे खरं. स्कॉर्पिअन या दुसऱ्या पाणबुडीसाठी बांधायला घेतलेला सांगाडा मधोमध तोडून क्षेपणास्त्रांच्या 16 नळ्यांचा सुमारे 40 मीटरचा भाग बसवला. म्हणूनच ती इतक्या लवकर, 30 डिसेंबर 1959 ला, नौदलात आली. 20 जुलै 1960 ला केप कॅनव्हरलजवळ पाण्याखालून दोन पोलॅरिस क्षेपणास्त्रं सोडली. दाबाच्या हवेनं क्षेपणास्त्र नळीतून वर फेकायचं, पाण्याबाहेर आलं की मोटर पेटणार. त्याच नोव्हेंबरात 66 दिवसांची पहिली गस्त सुरू. शत्रूला धाक बसून डागायची वेळ न येणं, हेच तिचं काम होतं!

लोणावळेकर: ए-1, म्हणजे पहिल्या पोलॅरिसचा पल्ला 2,200 किलोमीटर. मॉस्को टप्प्यात आणायचं तर नॉर्वेजवळच घुटमळायचं, म्हणजे शोधणाऱ्याची सोयच. शिवाय जडत्वीय दिशादर्शन, म्हणजे स्वतःची हालचाल मोजून जागा काढणं, हळूहळू सरकतं. स्वतःची जागा चुकली की नेमही तेवढाच चुकणार.

दर्यासारंग: पहिल्या चार वर्षांपुरतं मान्य, बस्स. 1964 ते 66 मध्ये अणुइंधन बदललं, ए-3 ही नवी पोलॅरिस आली, पल्ला 4,600 वर गेला. ब्लू आणि गोल्ड असे दोन चालक संच आलटून पालटून, एकूण 55 गस्ती.

कोकणकडा: आणि 9 एप्रिल 1981? पूर्व चीन समुद्रात निश्शो मारू या जपानी मालवाहू जहाजाला खालून धडक. पंधराएक मिनिटांत जहाज बुडालं, कप्तान आणि मेट (त्याचा दुय्यम अधिकारी) गेले. अमेरिकेनं जपानला कळवायला 24 तासांहून जास्त लावले!

दर्यासारंग: पाणबुडी वर आली होती. धुक्यात काही दिसलं नाही.

कोकणकडा: धुकं पाण्यावर असतं, आवाजावरून जहाज ओळखणाऱ्या सोनारला नाही! वर येण्याआधी वळण घेऊन मागची बाजू ऐकायची, कारण स्वतःच्या पंख्याच्या आवाजात पाणबुडी त्या बाजूला बहिरी असते. समोरच्या जहाजाचं बेअरिंग (ते ज्या दिशेला ऐकू येतं ती दिशा) हलत नसेल आणि आवाज वाढत असेल, तर खालीच थांबायचं. हे कुठल्याही पाणबुडीत पहिल्या दिवसापासून शिकवतात. निश्शो मारूच्या उरलेल्या 13 जणांना शेवटी जपानी विनाशिकांनीच उचललं.

दर्यासारंग: त्या धडकेचा बचाव मी करणार नाही. अमेरिकेनं जबाबदारी घेतली, कमांडरला हटवलं. पण त्यावरून 55 गस्ती शून्य कशा होतात?

कोकणकडा: दोन माणसं गेली, ती तुमच्या हिशोबात कुठे बसतात?

लोणावळेकर: क्षेपणास्त्रं उतरवल्यावर 1985 पर्यंत शत्रूची जहाजं हुडकणारी हल्लेखोर पाणबुडी म्हणून फिरवली, तेही जमेला धरू नका. 16 निरुपयोगी नळ्यांचं धूड घेऊन कसली शिकार?