मालिकेचा पायलट स्वतःच्या पैशाने करावा का?

मुक्कामी_गाडी:
मी विट्याची. बारा वर्षं एकांकिका लिहिते, बसवते. बाबा एसटीत कंडक्टर होते. मुक्कामाच्या गाडीवरचे ड्रायव्हर-कंडक्टर आणि ते गाव, एवढ्यावर 22 मिनिटांचे आठ विनोदी भाग लिहून झालेत. पहिला भाग, म्हणजे पायलट, स्वतः शूट करून चॅनेल आणि ओटीटीवाल्यांना दाखवावा असं मनात आहे. तीन रात्री, सहा कलाकार, भाड्याची जुनी बस, जनरेटर. ओढूनताणून साडेपाच लाख होतात. चार लाखांच्या एफडीची मुदत दिवाळीत संपतेय. नुसता कागद कोणी वाचत नाही म्हणतात. घालू का पैसे?

कॉलशीट:
ताई, घालू नका. कळकळीने सांगतोय. मी मालिकांवर प्रॉडक्शन सांभाळतो. 2018 मध्ये स्वतःचा पायलट केला, बायकोच्या बांगड्या गहाण ठेवून. चॅनेलच्या बाईंनी चार मिनिटं पाहिला. म्हणाल्या, "गोष्ट छान आहे, पण हिरो बदलू या. आणि हे शहरात घडलं तर?" त्यांचंही चुकलं नव्हतं. मालिकेला पैसा चॅनेलचा, हक्कही बहुतेक वेळा त्यांचेच. चेहरे, घर, गाव सगळं स्लॉट, म्हणजे मालिका दाखवायची वेळ, बघून ठरतं. आपण आधीच ठरवून, शूट करून नेलं की त्यांना हात घालायला जागाच उरत नाही. आणि झालेला खर्च कोणी मोजून परत देत नाही. मालिका मिळाली तरी पहिला चेक यायला 90 दिवस धरून चाला. बांगड्या सोडवायला मला तीन वर्षं लागली.

रंगपट:
दादांचं खरं आहे, पण विनोदाचा सूर कागदावर कळत नाही हेही खरं. अमेरिकेत 'इट्स ऑलवेज सनी इन फिलाडेल्फिया' ही विनोदी मालिका मित्रामित्रांनी घरगुती कॅमेऱ्यावर केलेल्या पायलटवरूनच एफएक्स चॅनेलने घेतली, 2005 मध्ये ती सुरू झाली. मात्र त्या पायलटला जवळपास काहीच खर्च आला नव्हता. तुम्हीही एकच प्रसंग करा, सूर कळेल असा. आणि कुणालाही पाठवण्याआधी पटकथा संवादांसकट स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवा, ऑनलाइन होतं. नुसत्या कल्पनेला कॉपीराइट नसतो, लिहिलेल्याला असतो.

मुक्कामी_गाडी:
बांगड्यांचं वाचून रात्रभर डोक्यात तेच होतं. एफडी पुन्हा ठेवतेय.

तिसऱ्या भागातला एकच प्रसंग करते. गाडी मारुतीच्या देवळापुढे लागलीय. कंडक्टर सीटवर रुमाल पसरून चिल्लर मोजतोय, दहा-दहा नाण्यांच्या चळती लावून. बाबा घरीही तसंच मोजायचे, शेवटची चळत बोटाने सरळ करून. सात रुपये कमी भरतात. तो पुन्हा मोजतो. मागच्या सीटवर आडवा झालेला ड्रायव्हर एक शब्द न बोलता खिशातून सात रुपये काढून रुमालावर ठेवतो. दोघंच कलाकार, एक रात्र, पाच मिनिटं. तीस हजारांत बसेल. आठही भागांची नोंदणी याच आठवड्यात करते.

सांगली-साताऱ्याकडे आतले दिवे चालू असलेली जुनी बस कुणाच्या ओळखीत असेल तर कळवा. चालत नसली तरी चालेल.