घरी टेनिसचा सामना पाहताना नेमके काय टिपावे?

प्रश्न : निळीशाई
टेनिसचे सामने पाहताना मी हल्ली वही घेऊन बसतो. बिनतोड सर्व्हिस, दुहेरी चुका, विनर्स (समोरच्याला परतवता न आलेले फटके) आणि अनफोर्स्ड एरर (दबाव नसताना स्वतःहून केलेल्या चुका) असे चार रकाने भरतो. परंतु सामना नेमका कुठे फिरला, हे त्यांवरून सांगता येत नाही. २०१९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात फेडररने २१८ गुण मिळवले आणि जोकोविचने २०४. विनर्स अनुक्रमे ९४ आणि ५४. तरीही चषक जोकोविचने उचलला! मग नोंद करावी तरी कशाची?

उत्तर : ड्यूस
आपल्या रकान्यांत गुण कोणी मिळवला हे येते, कधी मिळवला हे येत नाही. फेडररने दुसरा सेट ६-१ असा घेतला, त्यात त्याचे बरेच गुण खर्ची पडले, कारण सेट कितीही सहज जिंकला तरी तो एकच मोजला जातो. उलट टायब्रेकरवर, म्हणजे सेट बरोबरीत आल्यावरच्या निर्णायक गेमवर, गेलेले तिन्ही सेट जोकोविचने जिंकले; ते टायब्रेकर ७-५, ७-४, ७-३ असे संपले. पाचव्या सेटमध्ये ८-७, ४०-१५ असताना फेडररच्या हातात स्वतःच्या सर्व्हिसवर दोन मॅच पॉइंट, म्हणजे सामना जिंकून देणारे गुण, होते. पहिला फोरहँड बाहेर गेल्याने हुकला, दुसऱ्यावर तो नेटकडे धावला आणि जोकोविचने त्याच्या बाजूने चेंडू पार केला. म्हणून ३०-३०, ड्यूस (४०-४० ची बरोबरी), ब्रेक पॉइंट (सर्व्हिस करणारा गेम गमावू शकतो तो गुण) आणि टायब्रेकर एवढेच गुण टिपावेत, मात्र सर्व्हिस कोणत्या दिशेला गेली आणि ती पहिली होती की दुसरी, हे त्यासोबत अवश्य लिहावे.

उत्तर : बेसलाइनमागे
मी याच्याशी अर्धाच सहमत आहे. वहीत मान घातली की सामना निसटतो. दूरचित्रवाणीचा मुख्य कॅमेरा बेसलाइनच्या मागे उंचावर असतो, त्यामुळे कोर्टची लांबी आक्रसलेली दिसते आणि चेंडू जाळीच्या किती वरून गेला याचा अंदाज येत नाही. भरपूर टॉपस्पिनचा, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी दिलेला, फटकाही सपाट भासतो. शिवाय आपली नजर चेंडूमागे धावत राहते. एक संपूर्ण सेट केवळ एकाच खेळाडूच्या पायांकडे पाहा. सर्व्हिस परतवताना तो किती मागे उभा राहतो, समोरच्याची दुसरी सर्व्हिस आल्यावर पुढे सरकतो का? रशियाचा खेळाडू मेदवेदेव बराच मागे राहून सर्व्हिस परतवतो. त्यामुळे त्याला वेळ मिळतो, परंतु बाहेरच्या बाजूला पडणाऱ्या सर्व्हिससाठी अर्धे कोर्ट मोकळे राहते. हे कोणत्याही रकान्यात येत नाही.

उत्तर : चौथाफटका
अनफोर्स्ड एररचा रकाना मी तर काढूनच टाकला. चूक लादलेली की स्वतःची, हे शेवटी नोंद करणाऱ्या माणसाचे मत असते. खोलवर पडलेल्या फटक्याने तोल गेला आणि दोन फटक्यांनंतर चेंडू जाळीत अडकला, तर दोष शेवटच्या फटक्याला कशासाठी? रॅली जिथे कलंडली तो फटका लिहावा.

निळीशाई
सर्वांचे आभार. परंतु थेट प्रक्षेपण सुरू असताना एवढे लिहायला सवड मिळते का?

ड्यूस
दोन गुणांमध्ये सर्व्हिस करणाऱ्याला २५ सेकंद असतात, आणि तेवढ्यात एक ओळ होते. दिशेसाठी ‘बा’, ‘अं’, ‘म’ म्हणजे बाहेर, अंगावर, मध्यरेषेवर अशी अक्षरे पुरतात. ‘३०-४०, दुसरी, अं’ एवढे लिहिले की तो गुण नंतर डोळ्यांसमोर उभा राहतो. पायांचे निरीक्षण मात्र पुनःप्रक्षेपणासाठी राखून ठेवा.