लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या मुलीला काय म्हणायचं?

सेक्रेटरी, मुलुंड पूर्व:
सात मजल्यांची सोसायटी, आणि फळ्यावरचं मराठी माझ्या माथी. मंगळवारी खडूने लिहिलं, "लिफ्टवाला उद्या ११ वाजता येतोय." बुधवारी आली पंचविशीतली मुलगी. खांद्याला हत्यारांची पिशवी, खिशात टेस्टर. वॉचमनने अर्धा तास गेटवर बसवलं: "लिफ्टवाला यायचाय, तुम्ही कोणाकडे?" वर गेल्यावर २० मिनिटांत काम उरकून गेली. संध्याकाळी रजिस्टर उघडलं तर नोंद होती, 'लिफ्टवाल्याची बाई'.

'लिफ्टवाली' म्हटलं तर आत स्टुलावर बसून बटणं दाबणारी वाटते. 'मिस्त्री' चालेल? 'दुरुस्तीकर्मी' वगैरे सुचवू नका, पाचव्या मजल्यावरचे आजोबा फळ्यासमोर उभे राहून मोठ्याने वाचतात.

गिरगावकर:
मिस्त्री हा पोर्तुगीज 'मेस्त्र'वरून आलेला, म्हणजे उस्ताद. बाईलाही म्हणायला हरकत नाही. पण म्हटलं की कानावर पेन्सिल खोचलेला बाप्याच दिसतो ना! आणि 'मिस्त्रीण' तर नकोच. सुतारीण, कुंभारीण म्हणजे बहुतेकदा सुताराची, कुंभाराची बायको. तुमच्या वॉचमनने तेच लिहिलंय की.

वायरमनबाई:
माझ्या आयटीआयच्या सर्टिफिकेटवर 'वायरमन' आहे. साइटवर मला 'मॅडम' म्हणतात आणि मलाच विचारतात, वायरमन कधी येणार. तुमच्याकडे महावितरणची वीज, त्यांनी लाइनमनला 'जनमित्र' नाव दिलं. शब्द गोड आहे, पण फ्यूज उडाल्यावर कोणी "जनमित्राला बोलवा" म्हणत नाही. सरळ 'टेक्निशियन' लिहा.

प्रूफवाला:
नाम बदलून भागत नाही, मराठीत क्रियापद चुगली करतं. 'टेक्निशियन येतोय' लिहिलंत की पुन्हा पुरुषच. 'येईल', 'येणार आहे' लिहा, त्यात बाई-पुरुष कळत नाही. काम झाल्यावर तर सोपंच: 'टेक्निशियनने मोटर दुरुस्त केली'. ही 'केली' मोटरची, तिची नव्हे. पंखा असता तर 'केला'.

सेक्रेटरी, मुलुंड पूर्व:
आज लिहिलं, "लिफ्ट टेक्निशियन उद्या ११ वाजता येतील." मान म्हणून 'येतील'. आजोबांनी वाचलं, काही बोलले नाहीत. वॉचमन मात्र रजिस्टर घेऊन वर आला. "साहेब, किती जण येतायत? तेवढ्या ओळी सोडतो."